यादीत नसलेलं कार्ड

भवानी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चादरींचा एक कारखाना होता. आता तिथे गोदाम आहे. कारखाना बंद झाला तेव्हा माग भंगारात गेले, ऑफिसातलं कपाट कुणीतरी नेलं, आणि हिशेबाचा संगणक शेजारच्या मामांच्या माळ्यावर येऊन पडला. मामांनी त्या कारखान्यात मागावर उभं राहून उमर काढली. मामी तिथेच कांड्या भरायच्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मागच्या उन्हाळ्यात मामांनी हाक मारली. "बाळ, तू कॉम्प्युटरचं बघतीस की. यात पगाराचा हिशेब हाय म्हणं. आमच्या हिचं नाव सापडतंय का बघ. तिनं काम केलं म्हणून एक चिठ्ठीबी नाही माझ्याकडं."

मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातले दोन मी चुकीच्या जागी बिघाड शोधण्यात घालवले. तो बिघाड नक्की कुठे होता, हे सांगायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात ठीक झाली. जुनी हार्ड डिस्क बाहेर काढली, यूएसबीच्या जोडणीने लॅपटॉपला लावली आणि कशालाही हात लावण्याआधी तिची पूर्ण नक्कल करून घेतली. आत दोन फोल्डर होते. एकात पगाराच्या डीबेसच्या फायली, दुसऱ्यात विंडोजवर केलेली पत्रं आणि दरपत्रकं. ही सॉफ्टवेअर आजच्या लॅपटॉपवर चालत नाहीत. म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक व्हर्च्युअल मशीन बनवलं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला खोटा संगणक. आत बसलेल्या विंडोज ९८ला वाटतं की आपल्याला प्रोसेसर आहे, डिस्क आहे, पडदा आहे. खरं तर यातलं प्रत्येक यंत्र एका प्रोग्रामने घेतलेलं सोंग असतं. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाची प्रणाली आणली. एकच महाकाय संगणक डझनावारी लोक वापरत, पण प्रत्येकाला स्वतःचा वेगळा संगणक असल्याचा भास होई. त्या प्रत्येक भासमान संगणकाला एक भासमान कार्ड वाचक आणि कार्डाला भोकं पाडणारं भासमान यंत्रही असे.

भोकं पाडलेली कार्डं सोलापूरकराला नवी नाहीत. आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवर उठते आणि जकार्डला नक्षी सांगते ती भोकांच्या कार्डांची माळ. जोसेफ मारी जकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात मागावर बसवली. पुढे हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेत माणसं मोजायला भोकांची कार्डं वापरली आणि तिथून ती आयबीएमच्या संगणकांत गेली.

आता माझा बिघाड. विंडोज ९८ चालू झालं, पण पडदा ६४० बाय ४८०चा आणि रंग फक्त सोळा. हे दुखणं सगळ्यांना होतं. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या प्रणालीला जोडीदार ड्रायव्हर देतं, पण विंडोज ९८साठी असा संच नाहीच. मग विंडोज साध्या व्हीजीएवर येऊन थांबतं. व्हीजीए हे आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं दृश्यमान. आजची व्हर्च्युअल मशीनसुद्धा दुसरं काही जमलं नाही तर त्याचंच सोंग घेतात.

उपाय माहितीतले होते. ग्राफिक्स कंट्रोलर बदलून व्हीबॉक्सव्हीजीए केला. व्हिडिओ मेमरी वाढवली. व्हीबीईएमपी नावाचा फुकट मिळणारा ड्रायव्हर टाकला. पडदा मोठा झाला, रंग आले. मी खूश होऊन पगाराची फाइल उघडली.

आकडे स्पष्ट दिसत होते. तारखा, दिवस, रुपये. नावाच्या रकान्यात मात्र असं काहीतरी होतं: ╦╘┌╞▄.

शंभर ओळी, सगळ्या अशाच. चौकटींचे कोपरे, दुहेरी रेघा, काळे ठोकळे. मामा बाजूला बसले होते. ते म्हणाले, "हे तर डिझाइनच्या कागदावानी दिसायलंय." मला हसू आलं नाही. मला वाटलं, पडद्याची सेटिंग अजून बरोबर नाही. दोन आठवडे मी तेच बदलत बसले. रंगांची खोली, फॉन्टचा आकार, पूर्ण पडदा, अर्धा पडदा. व्हर्च्युअलबॉक्स सोडून ८६बॉक्स घेतलं. ते जुन्या संगणकातले सुटे भाग एकेक निवडू देतं. एस३ची कार्डं, त्सेंग लॅब्सची कार्डं, सगळी लावून पाहिली. रेघा तशाच राहिल्या.

मग एका रात्री मी त्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं. आत पडद्याच्या कार्डाशेजारी आणखी एक लांब कार्ड होतं. त्यावर 'जिस्ट' लिहिलं होतं.

या कार्डाची गोष्ट कानपूरला सुरू होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी संगणकाला देवनागरी शिकवत होते. अडचण अशी होती की त्या काळच्या पीसीचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींची जाळी. एकूण २००० घरं. एका घरात एक अक्षर, आणि अक्षरं मोजून २५६. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं लागतात. 'स्त्री' एका घरात कसं बसवणार?

कानपूरच्या गटातले मोहन तांबे पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ची, आणि आपल्याला ती आठवते ती परम महासंगणकासाठी. पण त्याच संस्थेत जिस्ट गटाने हे कार्ड घडवलं. जिस्ट म्हणजे ग्राफिक्स अँड इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल. कार्ड पीसीच्या आतल्या खाचेत बसे. वर्डस्टार, डीबेस, लोटस यांपैकी कुणालाही मराठी येत नव्हतं, आणि कार्ड त्यांना ते शिकवायच्या भानगडीतही पडत नसे. प्रोग्राम आपला आकड्यांशी खेळे. ते आकडे पडद्याकडे जाताना कार्ड ते वाचे आणि त्यांची देवनागरी अक्षरं काढून दाखवे.

म्हणजे मी ज्याला पडद्याच्या सेटिंगचा बिघाड समजत होते, तो गैरहजर माणसाचा प्रश्न होता. मधला दुभाषाच नव्हता. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत १९९२ चं साउंड ब्लास्टर १६ आहे. एएमडीचं पीसीनेट नेटवर्क कार्ड आहे. जगभरच्या लोकांनी त्यांचे जुने खेळ आणि जुनी कामं चालावीत म्हणून ती सोंगं मेहनतीने लिहिली. पुण्यात बनलेलं, मराठी दाखवणारं कार्ड त्या यादीत नाही. आणि अस्सल कार्ड लॅपटॉपला लावावं, तर तशी खाच आता कुठल्या लॅपटॉपला असते?

इथे मी हात टेकले असते. पण तो आकडा डोक्यात राहिला होता. कार्ड आकडे वाचत होतं. कुठले आकडे?

ते आकडे म्हणजे इस्की. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली संकेतप्रणाली. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. तिच्यात क म्हणजे १७९, म म्हणजे २०४, ल म्हणजे २०९. आणि आयबीएमच्या पीसीच्या मूळ अक्षरसंचात नेमक्या याच पट्ट्यात, १७६ ते २२३ मध्ये, चौकटी आखायची चिन्हं आहेत. १७९ म्हणजे उभी रेघ. मी तक्ता काढून ताडून पाहिला. ╦ म्हणजे २०३, म्हणजे भ. ╘ म्हणजे व. ┌ म्हणजे काना. ╞ म्हणजे न. ▄ म्हणजे दुसरी वेलांटी.

भवानी.

नावं कुठेच गेली नव्हती. दिवाणजींनी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर जागच्या जागी होतं. मला व्हर्च्युअल मशीन लागतच नव्हतं. साठ-सत्तर ओळींचं एक कोष्टक लिहिलं, डावीकडे इस्कीचा आकडा, उजवीकडे आजचं युनिकोड अक्षर. एका मिनिटात सगळी फाइल मराठीत आली.

हे इतकं सोपं का झालं, तेही या इतिहासातच आहे. इस्की अक्षराचा आकार साठवत नाही, उच्चार साठवते. 'कि' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, पण इस्कीत आधी क आणि मग वेलांटी, कारण आपण तसं बोलतो. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली गेली. तुमच्या फोनमध्ये आज जो क आहे, तो या घराण्यातला आहे. त्याचा आकडा २३२५.

दुसऱ्या फोल्डरचं नेमकं उलटं झालं. ती पत्रं नंतरची, विंडोजच्या डीटीपी फॉन्टमधली. त्या फॉन्टांत आकडा उच्चाराचा नसतो, आकाराचा असतो. अर्धा श एक आकडा, काना एक आकडा, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, कारण ती आधी दिसते. प्रत्येक कंपनीची आकड्यांची वाटणी वेगळी. फॉन्ट गेला की फाइल म्हणजे कचरा. ती पत्रं वाचायला मला ते व्हर्च्युअल मशीन खरंच लागलं. सुदैवाने डिस्कवर फॉन्टही होता. तो आत टाकल्यावर पत्रं जशीच्या तशी उभी राहिली, नव्वदच्या दशकातल्या लग्नपत्रिकांसारख्या जाड शिरोरेषेत.

तुमच्याही घरात अशा फायली असतील. आजोबांच्या कविता, मंडळाचा अहवाल, कुणाचा तरी प्रबंध. नुसती फाइल जपू नका. तिच्यासोबत तिचा फॉन्ट आणि शक्य असेल तर अख्ख्या डिस्कची नक्कल जपा. आणि मजकूर एकदा युनिकोडमध्ये आणून ठेवा. पुढच्या माणसाला तुमचं यंत्र मिळेल, याची खात्री नाही.

नावं मराठीत आल्यावर मी मामांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, पण त्यांचं वाचन सावकाश चाललं. मामांची शाळा तेलुगू माध्यमाची. विणकर कुटुंबं तेलंगणातून सोलापूरला आली तेव्हा भाषा सोबत घेऊन आली, आणि पूर्व भागातल्या कित्येक घरांत ती अजून बोलली जाते. तेव्हा मला इस्कीची आणखी एक गोष्ट आठवली. तिच्यात ब्राह्मी कुळातल्या भारतीय लिप्यांना आकडे एकच. मराठी क, तेलुगू क, कन्नड क, सगळे १७९. लिपी फक्त दाखवताना बदलायची. युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळी गल्ली दिली, पण गल्लीतला क्रम बव्हंशी तोच ठेवला. मराठी क २३२५, तेलुगू क ३०९३. फरक ७६८. मराठी अक्षरांच्या आकड्यांत ७६८ मिळवत गेलं की बहुतेक अक्षरं तेलुगूत उमटतात.

मी ७६८ मिळवले.

मामा आता भरभर वाचू लागले. ओळीवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने घेत होते. मध्येच थांबून म्हणत, "हा वारला." "ही भिवंडीला गेली पोराकडं." चौथ्या पानावर बोट थांबलं. मामींचं नाव होतं. पुढे कांड्यांचा हिशेब, आठवड्याचे रुपये. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. मी मोजलं, अशा एकशे बारा नोंदी होत्या.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय बघ."

चुकलं होतंच. नावाच्या शेवटचा 'म्मा' मराठीत दीर्घ लिहितात, तेलुगूत तो ऱ्हस्व असतो. दिवाणजी मराठी. त्यांना जसं ऐकू आलं तसं त्यांनी लिहिलं, आणि यंत्राने त्यांचं ऐकणं तसंच्या तसं तेलुगूत नेलं.

"दुरुस्त करू का, मामा?"

"नको. दिवाणजी तसंच हाक मारायचे तिला. राहू दे." मग थोडं थांबून म्हणाले, "दोन्हीत छापून दे. मराठीत पण, तेलुगूत पण. पोरांना मराठीच येतं आता."

त्या १२ पानांची प्रत मामांच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. डिस्कची नक्कल मी दोन ठिकाणी ठेवली आहे. आणि ते लांब कार्ड मामांनी मला दिलं. ते आता कशातच बसत नाही, म्हणून माझ्या टेबलावर असतं.