फ्रेम रेटचे निदान : सरासरीपासून मिलिसेकंदापर्यंत

संगणकावरचा खेळ अडखळू लागला की बहुतेक जण दोनच उपाय करतात : सेटिंग कमी करतात किंवा नवे ग्राफिक्स कार्ड घेतात. या दोन्हींआधी एक प्रश्न विचारायला हवा : उशीर नेमका कुठे होतो आहे? हा प्रश्न नीट विचारण्याची पद्धत घडायला सुमारे वीस वर्षे लागली. त्या वाटचालीचा हा थोडक्यात आढावा.

फ्रेम रेट म्हणजे एका सेकंदात तयार होणाऱ्या चित्रांची संख्या. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० हवी असतील, तर ३३.३. तेवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाचा हिशेब करायचा आणि ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवायचे. दोघांपैकी जो मागे पडतो, तो एकूण वेग ठरवतो.

१. डूम : मोजपट्टी खेळातच

डिसेंबर १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ आला, तेव्हा घरगुती संगणकात त्रिमितीय कार्डे नव्हती. प्रत्येक बिंदू प्रोसेसरच काढत असे. खेळाची कमाल गती सेकंदाला ३५ चित्रे होती. मशीन कमी पडले, तर खेळाडू चित्राची चौकट लहान करी किंवा तपशील कमी करी.

या खेळात ‘टाइमडेमो’ नावाची सोय होती. आधी ध्वनिमुद्रणासारखा नोंदवून ठेवलेला खेळ मशीन शक्य तितक्या वेगाने पुन्हा चालवी आणि शेवटी दोन आकडे देई. त्यांवरून फ्रेम रेट आपणच काढायचा. दृश्य तेच आणि काम तेच असल्यामुळे दोन मशीनची तुलना करता येऊ लागली. प्रयोगशाळेत आपण जिला पुनरावृत्तीक्षम प्रयोग म्हणतो, ती कल्पना अशी खेळाडूंच्या घरात पोहोचली.

२. क्वेक : काम कोणत्या प्रकारचे?

१९९६ च्या ‘क्वेक’ने नवा धडा दिला. भिंतीवरचे पोत योग्य दृष्टिकोनात दिसावेत, म्हणून तो दर १६ बिंदूंनंतर एक अपूर्णांकी भागाकार करी. पेंटियममध्ये हा भागाकार पूर्णांकी कामासोबतच चालू शके. सायरिक्सचा ६एक्स८६ हा प्रोसेसर कार्यालयीन कामात पेंटियमच्या तोडीचा होता, पण क्वेकमध्ये मागे पडला. ‘प्रोसेसर वेगवान आहे का?’ एवढे विचारून आता भागेना. कोणत्या कामात वेगवान, हेही पाहावे लागले.

३. आकड्यांवरचा विश्वास

पुढे त्रिमितीय कार्डे आली आणि फ्रेम रेट हा विक्रीचा आकडा बनला. २००१ मध्ये हार्डओसीपी या संकेतस्थळाने ‘क्वेक ३’च्या प्रोग्राममधील ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले. एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डावर फ्रेम रेट घटला आणि पोत अधिक स्पष्ट दिसू लागले. म्हणजे ड्रायव्हर खेळाचे नाव ओळखून चित्राचा दर्जा उतरवत होता. २००३ मध्ये ‘थ्रीडीमार्क०३’ या चाचणीबाबत एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर असाच आक्षेप चाचणीच्या निर्मात्यांनी घेतला. निष्कर्ष सरळ आहे : आकडा वाढला, तर काय गमावून वाढला हेही तपासावे.

४. सेकंदाच्या आत

सप्टेंबर २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’चे संपादक स्कॉट वॉसन यांनी सरासरीच्या मर्यादेवर बोट ठेवले. समजा, ५९ चित्रे अर्ध्या सेकंदात आली आणि साठावे चित्र यायला उरलेला अर्धा सेकंद लागला. सरासरी ६० भरते; खेळाडूला मात्र खेळ गोठलेला दिसतो. म्हणून त्यांनी प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मांडला आणि ९९ व्या शतमकाचा वापर केला, म्हणजे १०० पैकी ९९ चित्रे किती वेळाच्या आत पूर्ण झाली ते पाहिले. २०१३ मध्ये एनव्हिडियाने पडद्यावर प्रत्यक्ष पोहोचलेली चित्रे मोजणारे ‘एफकॅट’ हे साधन दिले. त्याच वर्षी एएमडीने दोन कार्डे जोडल्यावर येणारी असमान गती सुधारणारा ड्रायव्हर काढला. मोजमाप बदलले, म्हणून दोष दिसला. आणि दिसला, म्हणून दुरुस्त झाला.

५. या इतिहासाचा उपयोग

- एकच दृश्य निवडा आणि तेच पुन्हा पुन्हा चालवा.
- सरासरीसोबत प्रत्येक चित्राचा वेळ नोंदवा.
- फक्त रिझोल्यूशन कमी करून पाहा. वेग वाढला, तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. वाढला नाही, तर प्रोसेसरकडे किंवा खेळात घातलेल्या गतिमर्यादेकडे पाहा.
- सुरुवातीला चांगला वेग आणि काही मिनिटांनी घसरण, असे लॅपटॉपवर झाले तर आधी तापमान तपासा.
- एका वेळी एकच गोष्ट बदला.

एवढे करूनही सुधारणा झाली नाही, तर दोष खेळाचाही असू शकतो. जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन : अर्खम नाइट’ची संगणकावरील आवृत्ती इतकी अडखळत होती, की तिची विक्री थांबवून ऑक्टोबरअखेर ती पुन्हा सुरू करावी लागली. त्या चार महिन्यांत ज्यांनी केवळ त्या खेळासाठी नवे कार्ड घेतले असेल, त्यांचा खर्च चुकीच्या निदानावर झाला. मोजायला पैसे लागत नाहीत. न मोजता केलेल्या खरेदीला लागतात.