दोन शब्दांचे गाव

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या महसुली याद्यांत अनेक गावांच्या नावाला एक जोडशब्द असतो. चक म्हणजे मूळ गावापासून वेगळा धरलेला जमिनीचा तुकडा, रीठ म्हणजे वस्ती उठलेले गाव, माल म्हणजे मालगुजारी आणि रै. म्हणजे रयतवारी. गोंड राजांनी जंगल साफ करणाऱ्यांना व तळी बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या. १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या जमाबंदीत पुष्कळ गावांवर मालगुजारांची मालकी मान्य झाली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी नावांतल्या या खुणा टिकल्या.

कागदी नोंदवहीत अशा नावाची अडचण नव्हती. रकान्याची रेघ नावाची हद्द सांगत असे. संगणकाच्या शेलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रणालीत, ती रेघ नाही. केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीसाठी लिहिलेल्या शेलने मोकळ्या जागेलाच शब्दांची सीमा मानले. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीव्हन बॉर्न यांच्या शेलमध्ये चलातील (मजकूर साठवणाऱ्या नावातील) मजकूरही अवतरणचिन्हे नसतील तर तुटतो. कुठे तोडायचे ते आयएफएस हे चल ठरवते. त्यात मुळात जागा, टॅब आणि नवी ओळ असते. फाइलच्या नावात मात्र युनिक्सने तिरकी रेघ आणि शून्य बाइट यांखेरीज सारे काही चालू दिले. अडचणीचे मूळ या विसंगतीत आहे.

समजा, ‘नवेगाव माल’ या नावाची फाइल काढून टाकायची आहे. अवतरणचिन्हे नसली तर शेल आज्ञेला ‘नवेगाव’ आणि ‘माल’ अशी दोन वेगळी नावे देतो. ‘नवेगाव’ नावाची फाइल तिथे असेल, तर दुसऱ्याच गावाची नोंद पुसली जाते.

उपाय बॉर्न शेलपासूनच हाताशी आहेत. दुहेरी अवतरणचिन्हांत चलाची किंमत भरली जाते, पण तुटत नाही. एकेरी चिन्हांत सारा मजकूर जसाच्या तसा राहतो. स्क्रिप्टला मिळालेली सगळी नावे पुढे देताना "$@" लिहिले की प्रत्येक नाव अखंड राहते. फाइंड आणि एक्सआर्ग्ज या आज्ञांना पुढे नावे शून्य बाइटने वेगळी करण्याची सोय मिळाली. तो बाइट कोणत्याही नावात येऊच शकत नसल्याने ही सीमा निर्धोक ठरते. गावांच्या यादीवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये म्हणूनच प्रत्येक चल दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे; जोडशब्द गळला तर गावच बदलते.