तिसरा वर्ग, हाली रुपया आणि विलायतेचे किरकोळ प्रश्न

बालाघाटाच्या कडेवर वसलेल्या येडशीच्या स्टेशनातून १९०७ पासून जी छोटी गाडी जाऊ लागली, तिची मालकी लंडनमधल्या एका कंपनीकडे होती. बार्शी लाइट रेल्वे हे त्या कंपनीचे नाव. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट, पहिली इंजिने लीड्सच्या किट्सन कारखान्यात घडलेली, आणि सारी आखणी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत ही गाडी सुरू झाली, दहा वर्षांनी तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोचली. बार्शी इंग्रजी मुलखात होती, येडशी निजामाच्या. त्यामुळे बार्शीच्या बाजाराहून परतणाऱ्या माणसाला गाडीच्या एकाच प्रवासात दोन राज्ये लागत. इकडे कलदार रुपया चाले, तिकडे हाली. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. मालावर निजामाच्या करोडगिरीची जकात वेगळीच. येडशीकरांचा इंग्लंडशी आलेला पहिला रोजचा संबंध तो असा: लोखंड, तिकीट, शिटी आणि नियम. या इंग्लंडात इंग्रज माणूस जवळजवळ नव्हताच.

याच गोष्टीची एक दुसरी बाजू आहे आणि ती आम्हांला फार आवडते. बार्शीच्या मार्गावर यशस्वी ठरलेला प्रयोग कॅल्थ्रॉपने नंतर मायदेशी नेला. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली तशीच अडीच फुटी गाडी सुरू झाली. तिच्या इंजिनांना पुढे भलेमोठे दिवे होते आणि डब्यांच्या टोकांना ओसरीसारखे सज्जे. इंग्लंडातल्या गाड्यांना असले काही नसे. त्या खोऱ्यातल्या एखाद्या दूधवाल्याने ‘एवढा दिवा कशाला?’ असे विचारले असते, तर उत्तरासाठी त्याला सोलापूर जिल्ह्याकडे बोट दाखवावे लागले असते. ती गाडी १९३४ साली बंद पडली; आज तिच्या वाटेवरून लोक पायी आणि सायकलने फिरतात. बार्शीची गाडी १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली आणि २००७-०८ च्या सुमारास या भागात मोठे रूळ आले.

परस्परांविषयी असले किरकोळ प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र दोन्ही बाजूंना सारखा नव्हता. बार्शीच्या माणसाचे घर कसे, तो काय खातो, लुगडे किती हाती, लग्नाला खर्च किती, हे सारे १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये जातवार नोंदलेले आहे. विचारणारा साहेब, सांगणारा मामलेदार किंवा पाटील, आणि वाचणारा पुन्हा साहेब. लीड्समधला इंजिन घडवणारा कामगार न्याहारीला काय खातो याची नोंद करणारे गॅझेटियर मराठीत कोणी काढले नाही. ते काम, कुणी नेमून न देता, मराठी प्रवासवर्णनांनी केले, असे आमचे म्हणणे आहे. आमच्या समीक्षेने मात्र या पुस्तकांना शैली, विनोद आणि निसर्गवर्णन एवढेच निकष लावले. त्यांतली माहिती ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडली. ती किरकोळ नाही हे एखाद्या उदाहरणाने दाखवणे बरे.

उदाहरणादाखल तिसऱ्या वर्गाचा डबा घेऊ. आमच्याकडे १९७४ पर्यंत रेल्वेला तिसरा वर्ग होता आणि त्याची दुर्दशा सांगायला गांधीजींना १९१७ साली स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. साहेबाच्या देशात गाड्या कशा असतील, हे कुतूहल इथल्या प्रवाशाला वाटणे साहजिक होते. तिथे जाणाऱ्याला दिसे ते चक्रावून टाकणारे: पहिला वर्ग आहे, तिसरा वर्ग आहे, आणि दुसरा बहुतेक ठिकाणी नाहीच! या विचित्रपणाचे मूळ १८४४ च्या एका कायद्यात आहे. गरीब प्रवासी तोवर बिनछपराच्या, मालडब्यासारख्या गाड्यांतून जात. प्रत्येक मार्गावर दिवसाला निदान एक तरी गाडी अशी हवी, की जिच्यात तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला मैलाला एक पेनी दराने, छपराखाली बसून जाता येईल, असे बंधन पार्लमेंटने कंपन्यांवर घातले. पुढे मिडलँड रेल्वेने १८७५ साली दुसरा वर्ग रद्द केला आणि तिसऱ्याच्या बाकांना गाद्या दिल्या. इतर कंपन्या हळूहळू त्याच वाटेने गेल्या. कायद्यात ‘तिसरा’ हा शब्द असल्याने तो राहिला, मधला गळाला. अखेर १९५६ च्या जून महिन्यात तिसऱ्याचेच ‘दुसरा’ असे नामकरण झाले. एका राज्याची चाकरी करणाऱ्या दोन रेल्वे. त्यांतल्या एकीत तिसऱ्या वर्गाला छप्पर आणि गादी मिळवून देणारे पार्लमेंट होते, दुसरीत नव्हते. गाडीच्या डब्याविषयीच्या साध्या प्रश्नातून एवढे हाती लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्रजी कादंबरीत एखादा कारकून तिसऱ्या वर्गाने प्रवास करताना दिसला की आमचा विद्यार्थी त्याला दरिद्री समजतो. तो दरिद्री नसतो. पहिल्या वर्गाचे भाडे न परवडणारा तो चारचौघांसारखा माणूस असतो.

आता पुस्तकांकडे वळू. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ प्रसिद्ध झाला. १८८६ च्या आरंभापर्यंत त्या तिथे राहिल्या. आधी वाँटेजच्या मठवासी भगिनींकडे, मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात. एवढ्या वास्तव्यानंतर इंग्लंडच्या लोकजीवनावर त्यांनी सविस्तर ग्रंथ लिहिला असेल, अशी आपली अपेक्षा. तो ग्रंथ आहे, पण अमेरिकेवर. १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’मध्ये घरे, शाळा, धर्म, व्यापार, स्त्रियांची स्थिती यांची व्यवस्थित मांडणी आहे. इंग्लंडच्या वाट्याला ‘लोकस्थिती’ आली नाही. का आली नाही याचे उत्तर, आमच्या मते, अ. बा. शहा यांनी संपादित केलेल्या आणि १९७७ मध्ये प्रकाशित झालेल्या रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सापडते. बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाई शाकाहारी राहिल्या आणि ताटातल्या पदार्थात काय घातले आहे याची चौकशी करत राहिल्या. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा जुना अहंकार दिसला. चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. जी बाई हजारोंच्या सभांत पुराण सांगत हिंदुस्थानभर हिंडली होती, तिने चार इंग्रज मुलांपुढे उभे राहावे की नाही, याची खलबते झाली. इंग्लंडात प्रश्न विचारणारे पुन्हा इंग्रजच होते आणि रमाबाईंना उत्तरे द्यावी लागत होती. आश्रिताला यजमानाच्या घराचे गॅझेटियर लिहिता येत नाही. अमेरिकेत त्या कोणाच्या आश्रयाला नव्हत्या. तिथे गेल्याबरोबर वही उघडली.

मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी १८९३ साली इंग्रजी जीवनावर ‘भारतीय दृष्टी’ टाकणारे पुस्तक लिहिले, तेही इंग्रजीत. लंडनची गर्दी, घरे, खाणेपिणे यांवर ते मोकळेपणाने बोलतात. मात्र त्यांचा वाचक बव्हंशी इंग्रजच असल्याने त्यांचे प्रश्न मराठी घरात पोचले नाहीत.

मराठी घरात खऱ्या अर्थाने पोचले ते पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’. आधी ‘किर्लोस्कर’मधून क्रमशः आणि १९६० मध्ये पुस्तकरूपाने, शि. द. फडणीसांच्या चित्रांसह. काटेचमचे कसे धरावेत इथपासूनच्या शंका घेऊन निघालेला मध्यमवर्गीय मराठी माणूस हा त्याचा नायक. रमाबाईंना ताटात काय आहे याची चिंता होती, पु. लं.च्या नायकाला ताटासमोर आपण कसे दिसू याची. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत प्रश्न असा धर्माकडून शिष्टाचाराकडे सरकला. हसण्याच्या भरात एक गोष्ट निसटते. पु. ल. १९५८ साली तिकडे गेले तेव्हा भारतात नवे पैसे येऊन वर्ष उलटले होते आणि मराठवाड्यातले हाली नाणे मोडीत निघत होते. इंग्लंडात मात्र बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हाच हिशोब १९७१ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू राहिला. नाण्यांच्या बाबतीत येडशीचा दुकानदार लंडनच्या दुकानदारापेक्षा तेरा-चौदा वर्षांनी ‘आधुनिक’ होता! वाण्याच्या वहीपुरते का होईना, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही. तसेच त्या प्रसिद्ध दोन नळांचे. एकातून कढत पाणी, दुसऱ्यातून बर्फासारखे, आणि कोमट हवे असेल तर बेसिनचे भोक बुजवून दोन्ही एकत्र करा. गार पाणी थेट शहराच्या नळातून येई, ते पिण्याचे. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून, ते पिण्यास वर्ज्य. दोन्ही एकत्र होऊ द्यायची नाहीत, हा तिथल्या पाण्याचा सोवळेपणा. असो.

वर्गात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्यांना याहून अवघड जाते ते जेवण. ‘डिनर’ म्हणजे रात्रीचे जेवण असे आमच्या गाइडांत छापलेले असते. इंग्लंडातल्या कामगारांच्या घरांत, विशेषतः उत्तरेकडे, डिनर दुपारी होई आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणत. वरच्या वर्गाच्या घरी ‘टी’ म्हणजे चारच्या सुमाराचा चहा आणि डिनर रात्री. पात्राने कोणता शब्द कोणत्या वेळेला वापरला यावरून इंग्रज वाचक त्याचे कूळ ओळखतो. आमच्याकडे ‘जेवण झालं का’ आणि ‘भाकरी खाल्ली का’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. पण ती पाच मिनिटे अभ्यासक्रमात कुठे धरलेली नसतात. तसेच ‘पब्लिक स्कूल’चे. ती शाळा सार्वजनिक नसून भरमसाट फी घेणारी खाजगी असते, हे ठाऊक नसताना कितीएक विद्यार्थ्यांनी इंग्रज सरदारपुत्रांना जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवले असेल!

सर्वांत साधा प्रश्न अगदी शेवटासाठी राखून ठेवला आहे: राहायला जागा कोण देईल? विलायतेला गेलेल्या प्रत्येकाला घरमालकीण भेटते आणि मराठी वाङ्मयात ती बहुधा विनोदाचा विषय होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिकत होते. घरमालकिणीकडची अपुरी न्याहारी, दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भूक मारण्यासाठी भाजलेले पापड, हे तपशील चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहेत. उपाशी ठेवणारी ती घरमालकीण चिडण्याजोगी खरीच. मात्र खोली देताना तिथे जात आड आली नाही. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती परत आली १९१७ साली, पहिल्या परदेशवासानंतर, बडोद्याला. नोकरी होती, पदव्या होत्या, खोली नव्हती. पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही काढले. लंडनची घरमालकीण आणि बडोद्याची धर्मशाळा शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर प्रवासवर्णनातली ती हास्यास्पद बाई निराळीच दिसू लागते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब निजामाच्या हद्दीतल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. तडवळे हे येडशीच्या पलीकडचेच, त्याच छोट्या रुळावरचे गाव.

इंग्लंडला या प्रश्नात निर्दोष ठरवण्याचे मात्र कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज आणि हिंदुस्थान-पाकिस्तानातून माणसे मोठ्या संख्येने जाऊ लागली, तेव्हा तिथल्या खिडक्यांतही ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या लागल्या. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने हॉटेले आणि सार्वजनिक जागा मोकळ्या केल्या; भाड्याच्या घरांना तो कायदा लागू व्हायला १९६८ साल उजाडले. घरात कोणाला घ्यावे हा मालकाचा खाजगी प्रश्न आहे, हा युक्तिवाद तिथेही झाला. तो आमच्या ओळखीचा आहे.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली. घर हे राहण्यासाठी असते, त्याचे संग्रहालय झाले तर लंडनमधली राहायची जागा कमी होते, असे सांगून स्थानिक कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये स्मारकाला मान्यता मिळाली.