दोष आईचा नव्हताच

मंडळी, आमच्या नातवाला स्वमग्नता आणि एडीएचडी दोन्ही आहे हे कळलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "आईचं लक्ष कमी पडलं का?" प्रश्न जुनाच आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१९४३ साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली. पुढे मात्र आईच्या मायेत ओलावा नसतो म्हणून मूल असं होतं, हे मत बोकाळलं. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी ते खोडून काढलं. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील. तरी १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने आयांनाच पुन्हा आरोपी केलं. मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, हे पटायला किती वर्षं गेली!

दोन्ही निदानं एकाच मुलाला द्यायची मुभा तर अमेरिकन मानसोपचाराच्या नियमपुस्तकाने २०१३ साली दिली.

मी तरी कुठे शहाणा होतो? वर्गात सारखं उठणाऱ्या एका मुलाला मी कितीदा अंगठे धरून उभं केलंय. तो आजही आठवतो.

आता नातवाला एका वेळी एकच गोष्ट सांगतो. भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रं लावलीत. दहा मिनिटं अभ्यास, मग उड्या. पंख्याकडे बघत बसला तर बसू देतो.

असो. नातेवाईकांनो, घरी याल तेव्हा सूनबाईला काही विचारू नका. त्याच्याशेजारी जमिनीवर पाच मिनिटं बसा, तेवढं पुरे.