कोल्ह्याहून मोठी मुंगी

इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले की, भारताच्या उत्तर भागातील वाळवंटात कुत्र्याहून लहान, पण कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या राहतात. बिळे खणताना त्या जी वाळू वर टाकतात, ती सोन्याने भरलेली असते. उन्हाच्या तडाख्याने मुंग्या बिळात शिरल्या की लोक उंटांवरून येतात, पोती भरतात आणि जीव मुठीत धरून पळतात. कारण वास लागताच मुंग्या पाठलाग करतात.

ही निव्वळ थाप म्हणून सोडून देता येत नाही. याच ग्रंथात इराणी सम्राट दरायसचा महसूल नोंदवला आहे. त्यात भारतीय प्रांताच्या नावावर दरसाल ३६० टॅलेंट, म्हणजे नऊ टनांहून अधिक सुवर्णरज आहे. आकडा फुगवलेला असेलही. पण इतके सोने येते कोठून, याचे काहीतरी उत्तर देणे हिरोडोटसला भागच होते.

आता महाभारत पाहा. सभापर्वात युधिष्ठिराला आलेल्या नजराण्यांची यादी दुर्योधन मत्सराने जळत धृतराष्ट्राला ऐकवतो. मेरू आणि मंदर यांच्यामधील शैलोदा नदीकाठच्या खस आदी लोकांनी ‘पिपीलिक’ सोने आणले, द्रोण मापाने मोजून. पिपीलिक म्हणजे मुंग्यांनी उकरलेले. मुंगीच्या आकाराविषयी तेथे चकार शब्द नाही, पाठलागही नाही. राक्षसी मुंगी दिसते ती दूरच्या ग्रंथांत, आणि उत्तरोत्तर ती अधिकच विचित्र होत जाते. मेगॅस्थेनिसने तिला डेर्डाई लोकांच्या डोंगरी पठारावर नेले. हे लोक म्हणजे आपल्या ग्रंथांतील दरद, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन लेखक प्लिनीच्या काळापर्यंत तर तिला शिंगे फुटली होती! ती एका ग्रीक मंदिरात टांगलेली होती, असे तो सांगतो.

१९८४ साली फ्रेंच प्रवासी मिशेल पेसेल याने आपल्या पुस्तकात उत्तर सुचवले: मुंगी म्हणजे मार्मोट, हिमालयातील खारीच्या कुळातला, बिळे खणणारा लठ्ठ प्राणी. देवसाई पठारावर मार्मोटांनी उकरलेल्या मातीतून पूर्वज सोने वेचत, असे त्याला तेथील मिनारो लोकांकडून कळले.

तर्क मोहक आहे, आणि आजवरच्या तर्कांत सर्वांत सबळही. पण देवसाई ४,००० मीटरहून उंच. तेथे हिरोडोटसचे तापलेले वाळवंट नाही. शिवाय अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने या ‘मुंग्यां’ची कातडी पाहिल्याचे नमूद केले आहे. ती बिबट्याच्या कातड्यासारखी होती. मार्मोटाच्या अंगावर ठिपके नसतात.