बोट लागली काय वो?

1915 सालचा कार्तिक. मुंबईची आगबोट खोल पाण्यातच उभी राहिली, तुम्ही हेलकावणाऱ्या पडावात उतरलात आणि कसेबसे रत्नागिरीच्या मांडवी बंदराला पोचलात. काखेत कादंबरीचं बाड. नायक याच गावचा, काळही हाच. त्याच्या तोंडी कुठले शब्द घालायचे, तेवढं ऐकायला आलात.

धक्क्यावरचा हमाल तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. "बोट लागली काय वो?"

"हो, ही काय आत्ताच लागली," तुम्ही समुद्राकडे हात करता.

तो कनवटीचं लिंबू काढून तुमच्या हातावर ठेवतो. मग तुमच्या डोक्यात उजेड पडतो. चौकशी आगबोटीची नव्हती, तुमच्या पोटात ढवळतंय का याची होती.

ट्रंक उचलायचे तो चवली मागतो. चवली म्हणजे दोन आणे. चांदीचं, पेराएवढं नाणं. तुमच्या बाडात नायकाने हमालाला "काही पैसे" दिलेत. खोडा ते.

कचेरीत तुम्ही कारकुनाला विचारता, "आजचा दिनांक काय?"

तो चष्म्यावरून बघत राहतो. "तारीख म्हणायचंय काय तुम्हांस? आणि अर्जास ष्टांप लावलात?"

घोटाळा तुमचाच. आपल्याला वाटतं, जुना माणूस म्हणजे शुद्ध मराठी. इथे तर मुन्सफ, दाखल, गैरहजर, कोर्ट, ष्टांप. अर्धं फारशी, अर्धं इंग्रजी, आणि कुणाच्या जिभेला काही खुपत नाही. 'दिनांक' ज्यांच्या नावावर आहे ते सावरकर या घडीला अंदमानच्या तुरुंगात आहेत. ते रत्नागिरीत स्थानबद्ध होतील 1924 साली आणि 1937पर्यंत राहतील. भाषाशुद्धीची चळवळ ते इथूनच पेटवतील. तुमच्या नायकाने तो शब्द ज्या गावात वापरलाय ते गाव बरोबर आहे, साल चुकलंय.

हवं तर साल बदला. 1931मध्ये या, पतितपावन मंदिर उभं राहिलंय. इथला एखादा तरुण मुद्दाम 'दिनांक' म्हणेल आणि शेजारचे हसतील. त्या काळी तो शब्द उच्चारणं म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे ते जाहीर करणं. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

पण आज मुक्काम 1915लाच. संध्याकाळी पडवीत बसलात, आणि आजोबा नातवावर ओरडतात, "शिंच्या, गडग्यावरून उतर!" तुम्ही दचकता. मूळ शब्द शिंदळीचा. अर्थ असा, की पोराच्या आईपर्यंत जातो. पोरगं मात्र दात काढत खाली उडी मारतं. शिवी घासून घासून गुळगुळीत झाली की तिच्यात माया साठते. हाच शब्द आजोबांनी खोताच्या कारभाऱ्याला वापरला तर? माया जाईल, धार परत येईल. नातवाने आजोबांना वापरला, तर पाठीत धपाटा. म्हणून नुसती शब्दांची यादी घेऊन परतू नका. शब्द कुणी कुणाला म्हटला ते शेजारी लिहून ठेवा. आणि उद्या मिरकरवाड्यात जा. एकाच पडवीतलं बोलणं म्हणजे रत्नागिरी नव्हे.

पुराव्यासाठी घरी कोश आहेतच. मोल्सवर्थची 1857ची दुसरी आवृत्ती उघडा. साहेब एखाद्या शब्दाला हलका ठरवून शेरा मारतो, तिथेच थांबा. तुमचं घबाड त्या शेऱ्याखाली आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932पासून निघाला; त्यात शब्दापुढे कंसात (को.), (राजा.) अशा खुणा भेटतात, म्हणजे कोकणातला, राजापुराकडचा. फक्त कोशात शब्द आला त्या साली तो जन्मला, असं समजू नका. बंदरावरचा शब्द कोशापर्यंत पोचायला फार वेळ लावतो.

आणि मग तुम्ही परत आजच्या रत्नागिरीत, कोल्हापूरच्या एसटीत, मांडीवर खाडाखोडीचं बाड. पुढे आंबा घाट. शेजारच्या मावशी पिशवीत हात घालत विचारतात, "गाडी लागते काय हो तुम्हाला?"

"लागते," तुम्ही म्हणता, आणि लिंबासाठी हात पुढे करता.