ठसे, खिळे आणि त्यांचे खण



बैठकीत एखादा ठराव पक्का झाला की आपण सहज म्हणतो, ‘चला, झालं शिक्कामोर्तब!’ या एका शब्दात खरं तर दोन ठसे आहेत. शिवकाळातल्या पत्रांवर वरच्या बाजूला मुख्य शिक्का उमटवत, आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब, म्हणजे शेवटाची छोटी मुद्रा. मोर्तबानंतर कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती बघताक्षणी उघडी पडायची. पुढे एखाद्याला मोठं पद दिलं की त्याला शिक्के-कट्यार देत. ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या हाती कारभार. तेव्हा ठसा कुठे ठेवायचा आणि कोणी ठेवायचा, ही नुसती आवराआवरीची बाब कधीच नव्हती.

आपल्या मराठवाड्यात तर पैशाचंच नाव शिक्का होतं. निजामाच्या राज्यातला रुपया म्हणजे ‘हाली शिक्का’. ज्यांच्या घरी जुनी माणसं आहेत, त्यांनी हा शब्द नक्की ऐकला असेल. असो.

आज बोलायचं आहे ते आपल्या गटांतल्या ठशांबद्दल. कागदी पिशव्या, राखीची पाकिटं, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं, हळदीकुंकवाची आमंत्रणं यांवर आम्ही ज्या ठशांनी नक्षी उमटवतो, ते पारदर्शक असतात. मऊ, काचेसारखे आरपार दिसणारे. पाठीमागून ते थोडे चिकट असतात. ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचे, शाईच्या पॅडवर टेकवायचे आणि कागदावर दाबायचे. आरपार दिसत असल्यामुळे नक्षी नेमकी कुठे पडणार ते आधीच कळतं. काम झालं की ठसा सोलून काढायचा आणि त्याच ठोकळ्यावर दुसरा लावायचा. भावसार-रंगारी मंडळी कापड छापायला लाकडी ठसे वापरत. त्यांच्या प्रत्येक ठशाला स्वतःचं लाकूड होतं, मूठ होती, वजन होतं. आपल्या शंभर ठशांना मिळून दोन-तीन ठोकळे पुरतात.

पण सोय जिथे आहे, अडचणही तिथेच आहे. लाकडी ठसा लांबूनही ओळखू येतो. पारदर्शक ठसा डब्यात पडला की कोयरी कोणती आणि पान कोणतं ते दिसतच नाही. एकाला एक चिकटून गोळा होतो. मग ज्या बाईने ते ठेवलेले असतात, तिलाच ते सापडतात. एका गटात ऐन दिवाळीच्या मागणीच्या वेळी नेमकी तीच ताई माहेरी गेली होती. पणतीचे ठसे घरातच होते, पण कोणाला मिळेनात. चार जणींचा दोन दिवसांचा रोज बुडाला. यात त्या ताईची काही चूक नव्हती. माहिती एकीच्या डोक्यात होती, आणि डोकं तिच्याबरोबर गावाला गेलं होतं.

हीच अडचण दोनशे वर्षांपूर्वी मराठी छपाईपुढे उभी होती, आणि ती फार मोठी होती. इंग्रजीची अक्षरं २६. मोठी आणि लहान धरली तरी ५२. मराठीचं तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. क वेगळा, क्र वेगळा, क्ष वेगळा. प्रत्येकाचा शिशाचा वेगळा ठसा ओतायचा. त्याला छापखान्यात ‘खिळा’ म्हणत. असे शेकडो प्रकारचे खिळे लागत, आणि एकेका प्रकारचे पुष्कळ. १८०५ साली विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं, ते कुठे? तिकडे बंगालमध्ये, श्रीरामपूरला. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी पंचांग छापलं, तेही शिळाछापावर. शिळाछापात हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून छापतात, त्यामुळे खिळ्यांचा पसारा लागतच नाही. आमच्या मते हा मोठा व्यवहारी शहाणपणा होता. ठसे सांभाळायची सोय होईपर्यंत ठशांवाचून काम चालवायचं.

पण मोठ्या कामाला खिळ्यांशिवाय पर्याय नव्हता. इथे जावजी दादाजी यांची गोष्ट सांगायलाच हवी. ते गरीब घरातले. लहान वयातच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. रोज हजारो खिळे हातातून जायचे. अक्षर कुठे जाड होतं, कुठे अडकतं, हे बोटांनाच कळत गेलं असणार. १८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. ज्या निर्णयसागर पंचांगात आपण मुहूर्त बघतो, ते नाव तिथलं. पुढे लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर बराच खल केला. अक्षरं कमी तर खण कमी, आणि खण कमी तर हात चटकन चालतो.

हा खण नीट समजून घेण्यासारखा आहे. खिळे लाकडी तबकांत ठेवत. तबकाला लहान-लहान खण पाडलेले, एका खणात एकाच प्रकारचा खिळा. जी अक्षरं सारखी लागतात, त्यांचे खण मोठे आणि हाताजवळ. क्वचित लागणारी अक्षरं कडेला. वर्णमालेच्या क्रमापेक्षा कामाच्या क्रमाला जास्त मान होता. खिळे जुळवणाऱ्याची नजर मजकुरावर असे आणि हात आपोआप खणात जाई. आणि यातली खरी गोम पुढे आहे: छापून झालं की जुळवलेला मजकूर मोडून, धुऊन प्रत्येक खिळा परत त्याच्याच खणात टाकत. हेही रोजगाराचं काम होतं, त्याला वेळ धरलेला असे. आपण मात्र ठसे परत ठेवण्याला काम मानत नाही; ते ‘जाता जाता’ करायचं असतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात धाकट्या सुनेच्या वाट्याला येतं. आमच्या काही गटांनी आता शेवटची वीस मिनिटं रोजाच्या तासांतच धरली आहेत. यावर बैठकीत वाद झाला, पण ठराव झाला.

मांडणीही आम्ही तशीच केली. घराघरांत भजनांच्या, लग्नाच्या सीड्यांची रिकामी कव्हरं पडलेली होती. त्यांच्या आतल्या गुळगुळीत प्लास्टिकवर ठसे छान चिकटतात. ठसा ज्या पारदर्शक पत्र्यावर येतो तो पत्रा असेल तर तो तसाच आत बसवायचा, फेकायचा नाही. कव्हर पुस्तकासारखी उभी ठेवायची, कण्यावर आकडा घालायचा. विषय असे: सण, पानं-फुलं, किनारी, अक्षरं, आकडे. नेहमी लागणाऱ्या किनारी सगळ्यात पुढे.

आणि एक नमुना वही. प्रत्येक ठसा एकदा वहीत उमटवून त्याच्याजवळ कव्हराचा आकडा लिहिलेला. जिला वाचता येत नाही तीही चित्र बघून आकडा जुळवते. पंचसूत्रीतली शेवटची गोष्ट नियमित नोंदी. ही वहीही आम्ही त्याच पिशवीत ठेवतो.

धुताना साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. शाईचा डाग राहिला तरी चालतो, नक्षी बिघडत नाही. चिकटपणा गेला असं वाटलं तर बहुधा ती धूळ असते. धुतलं की ठसा पुन्हा धरतो. रॉकेल, थिनर लावू नका. कागदात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तंतू चिकटून बसतात. पत्र्याच्या छताखाली आपल्याकडच्या मे महिन्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. ऊन लागलं की ठसा पिवळा पडतो, कडक होतो आणि मग चिरतो. कव्हरांची पेटी आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, धान्याच्या कोठीच्या शेजारची गार जागा बघून ठेवा.

पेटीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न राहिलाच. बँकेच्या सह्या अध्यक्ष-सचिवांच्या, गटाचा गोल शिक्काही बहुधा सचिवांकडेच. ठशांची किल्ली मात्र दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत पुढच्या सदस्येकडे जाते. देताना वही उघडतात, कव्हरं मोजतात आणि दोघी सही करतात. ज्या ताई अजून अंगठा देतात, त्या वहीत आपल्या आवडीचा एक ठसा उमटवतात आणि मग त्याच्या बाजूला अंगठा.